पोटखराबातील तरवड

जळगावाहून अजिंठ्याकडे जाणारी सडक आणि पाचोऱ्याहून जामनेराकडे जाणारी वाट ज्या ठिकाणी एकमेकींस छेदतात, त्या पहूर गावाचे पेठ आणि कसबे असे दोन भाग दप्तरातही निरनिराळे नोंदलेले आहेत, आणि या दोन शब्दांवरूनच गावाचे जुने स्वरूप ध्यानी येते: एकीकडे व्यापारउदिमाची वस्ती, दुसरीकडे अंमलदारीचे ठाणे. दक्षिणेस सातमाळ्याची रांग उभी आहे. अजिंठ्याच्या लेण्यांपुढून वळसा घेऊन निघालेली वाघूर नदी याच मुलखातून उत्तरेकडे तापीच्या भेटीस जाते. आणि फर्दापूरची मोगली सराई इथून फार दूर नाही. नदीकाठची काळी जमीन कापसाची, ज्वारीची, तुरीची, आणि विहिरीला पाणी असेल तर केळीचीही. परंतु काळीची ही सलगता संपून जिथे मुरूम उघडा पडतो, बांध रुंद होतात, ओघळी फुटतात आणि नांगराचा फाळ दगडावर खणखणतो, तिथे एक पिवळ्या फुलांचे झुडूप बारा महिने उभे असते. त्याचे नाव तरवड.

जमिनीच्या मोजणीत अशा तुकड्यांना ‘पोटखराब’ म्हणतात. सर्व्हे नंबराच्या पोटात असलेली, पण लागवडीस नालायक ठरवून आकारातून वगळलेली ती जमीन. तिच्यावर सारा नाही, म्हणून तिच्यात काय उगवते याची पाहणी करण्याचे कारण ना तलाठ्याला पडले ना मामलेदाराला. खानदेशाचा जो लिखित इतिहास आपल्यासमोर आहे तो बहुतांशी सारा देणाऱ्या जमिनीचा आणि सारा देणाऱ्या पिकांचा इतिहास आहे, आणि ज्या वर्षी ही पिके करपून गेली त्या वर्षी माळावर काय उरले होते, कोणाच्या हाताला काय लागले होते, याची हकीकत त्या इतिहासाच्या बाहेर राहिली. तरवडाची कथा ही त्या बाहेर राहिलेल्या हकीकतीपैकी एक आहे, आणि ती सांगण्यासारखी आहे असे मला मनापासून वाटते.

प्रथम झुडपाची ओळख करून घ्यावी. उंची पुरुष-दीड पुरुष, कधी त्याहून कमी. साल तपकिरी आणि गुळगुळीत. पानाच्या मधल्या शिरेवर पर्णिकांच्या आठ ते बारा जोड्या, आणि प्रत्येक जोडीच्या बेचक्यात एक बारीकशी, उभी, काडीसारखी ग्रंथी. परंतु ओळखण्याची पक्की खूण म्हणजे पानाच्या देठाशी असलेली दोन मोठी, मूत्रपिंडाच्या आकाराची उपपर्णे. ती लवकर गळत नाहीत, आणि लिनीयसने १७५३ साली या झाडाला शास्त्रीय नाव दिले तेव्हा कानाच्या पाळीसारख्या दिसणाऱ्या याच उपपर्णांवरून ते दिले. फुलाला पाच पाकळ्या असतात, पण त्या सारख्या नसतात. दहा पुंकेसरांपैकी वरचे तीन खुरटलेले आणि खालचे लांब, धनुष्यासारखे वाकलेले असतात. मोठा काळा भुंगा त्यांना बिलगून अंग थरथरवतो, तेव्हा पुंकेसरांच्या टोकांच्या छिद्रांतून पराग बाहेर पडतो. साधी माशी तिथे नुसती फिरून परत जाते. फुले सरली की चपट्या, कागदासारख्या पातळ शेंगा येतात आणि त्यांच्या कातडीवर आतल्या बियांचे उठाव एकापुढे एक दिसतात.

वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि वैशाखात पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणारा पारा, अशा या प्रदेशात तरवड टिकून राहतो तो काही कृपेने नव्हे. त्याचे मूळ मुरुमाच्या भेगांतून खोल उतरते. वरून तोडला तर बुंध्यातून पुन्हा जोमाने फुटतो. आणि त्याचा पाला जनावरांना विशेष रुचत नसल्यामुळे ज्या गायरानात गवताची काडी शिल्लक राहत नाही त्या गायरानातही तो हिरवा राहतो. त्याच्या सर्वांगात जो तुरटपणा भरलेला आहे, तोच त्याचे चिलखत. आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे, माणसाने त्याचा जो काही उपयोग करून घेतला तो बहुतेक या तुरटपणामुळेच.

खानदेशात माळरान एवढे पसरले कसे, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. यशवंतराव होळकरांच्या फौजांची धामधूम आणि त्यापाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ या दोहोंनी हा सुपीक प्रांत असा काही झोडपला की कित्येक गावे ओस पडली, विहिरी बुजल्या आणि पिकत्या रानात झुडपे माजली. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि जॉन ब्रिग्ज याच्याकडे प्रांताचा कारभार आला, त्या वेळी लागवडीखालची जमीन ओसाड जमिनीने वेढलेली होती. पुढे वस्ती परतली, कौलाने जमिनी दिल्या गेल्या, नांगर फिरू लागले. १८५२ साली नव्या मोजणीला सावदा, फैजपूर, एरंडोल भागातील रयतेने हजारोंच्या संख्येने जमून विरोध केला, तो दडपला गेला, आणि साखळी व खुंट्या घेऊन मोजणीदार शेताशेतांतून फिरले. मातीचा कस आण्यांत मांडला गेला. चांगली काळी किती आण्यांची, हलकी बरड किती आण्यांची, आणि शेवटी कशातच न बसणारा पोटखराब. याच वेळी तरवड कायमचा हिशेबाबाहेर गेला. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला जे सोन्याचे मोल आले, त्याने उरलीसुरली बरी जमीन पांढऱ्या पिकाखाली आणली, आणि बांधांच्या कडा, ओढ्याचे उतार, डोंगरपायथ्याचे माळ एवढेच तरवडाला उरले.

दप्तराबाहेर गेला तरी तो गावाबाहेर गेला नव्हता. किंबहुना गावची शेती ज्या एका वस्तूवर चालत असे ती वस्तू तरवडाशिवाय, किंवा त्याच्यासारख्याच तुरट सालीशिवाय, तयार होत नव्हती. ती वस्तू म्हणजे मोट. आज ज्यांनी मोट पाहिलेली नाही त्यांना तिची कल्पना देणे कठीण आहे. विहिरीच्या काठावर चाक, चाकावरून गेलेला नाडा, खालच्या रुळावरून गेलेला सोंदूर, उतरत्या धावेवर मागेपुढे करणारी बैलांची जोडी, आणि त्या दोरांच्या टोकाला चामड्याची प्रचंड पिशवी, जिची सोंड थारोळ्यात आली की पाणी भसकन मोकळे होऊन पाटाने वाहू लागे. हे चामडे दिवसभर भिजत राही, रात्री वाळे, काठाच्या दगडावर घासे, शेकडो खेपांचा ताण सोशी. कच्चे कातडे असे चार दिवसही टिकले नसते. ते टिकत असे, कारण गावाच्या कडेला राहणाऱ्या एका समाजाने ते तरवडाच्या, बाभळीच्या आणि हिरड्याच्या रसात आठवडेच्या आठवडे मुरवलेले असे.

या कामाचे वर्णन करताना आपल्याकडील लेखक पूर्वी नाक मुरडत. मला ते वर्णन आदराने करावेसे वाटते. ढोर किंवा कक्कय्या समाजातील कारागीर हे काम करीत आणि चांभार त्या चामड्याची मोट, वहाणा, आसूड, वाद्या बनवीत. कातडे प्रथम पाण्यात भिजत घालायचे, मग चुन्याच्या पाण्यात काही दिवस ठेवायचे, म्हणजे केस सैल होतात. ते खरवडून काढायचे, आतल्या बाजूचे मांस तासायचे आणि चुना निघून जाईपर्यंत धुवायचे. इकडे माळावरून आणलेल्या तरवडाच्या फांद्या लाकडी दांडक्याने झोडपून साल मोकळी करायची, वाळवायची आणि कुटायची. मग कातडे वादीने शिवून त्याचीच पिशवी करायची, ती लाकडाच्या तिकाटण्याला टांगायची, आत कुटलेली साल भरून वरून पाणी ओतायचे. ते पाणी कातड्यातून पाझरत थेंब थेंब खालच्या कुंडात पडे. कुंड भरले की तेच पाणी पुन्हा वरून ओतायचे. काही दिवसांनी पिशवी उसवून उलटी टांगायची, म्हणजे जे टोक वर होते ते खाली येते आणि रस सगळीकडे सारखा मुरतो. कुजणारी वस्तू न कुजणारी होते ती अशी, थेंबाथेंबाने. सालीतील टॅनिन हे द्रव्य कातड्यातील प्रथिनांना घट्ट धरून ठेवते, ही त्यामागची रसायनशास्त्रातील उपपत्ती पुष्कळ नंतर आली.

तरवडाच्या सालीत या द्रव्याचे प्रमाण शेकडा अठरा-वीसपर्यंत असते आणि तिने कमावलेले चामडे फिकट रंगाचे, लवचीक निघते. तिचा एकच दोष: ऊन लागले की चामड्यावर तांबूस छटा चढत जाते, म्हणून शेवटचा हात हिरड्याचा द्यावा लागे. हे ज्ञान कोणत्याही पोथीत नव्हते. १९०३ साली जे. आर. मार्टिन यांनी मुंबई इलाख्यातील कातडी कमावण्याच्या धंद्यावर सरकारसाठी प्रबंध लिहिला, तेव्हा या कारागिरीला प्रथमच कागदावर थोडीबहुत जागा मिळाली. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवून गावच्या कातडी धंद्याला प्रतिष्ठा देण्याचा जो प्रयत्न केला तो पुढे १९३० नंतरच्या दशकातला. आणि १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कामात हा धंदा सन्मानाने आला, हे गांधीजींच्या विचारांचे एक मोठे फळ समजले पाहिजे.

दुष्काळात या धंद्याचे रूप फार भयाण होत असे. १८७६-७७ चा दुष्काळ, १८९६-९७ चा, आणि विक्रम संवत १९५६ मध्ये आल्यामुळे छप्पनचा म्हणून ओळखला गेलेला १८९९-१९०० चा दुष्काळ, या तिन्ही वेळी चारा संपला आणि जनावरे मेली. माणसाला एक वेळ दुष्काळी कामावर खडी फोडून मूठभर धान्य मिळे; बैलाला ते कोण देणार? मेलेल्या जनावराला कातडे असते, आणि कातडे कमावायला साल लागते. सगळे रान जळून गेले तरी तरवड उभाच असे. देशाच्या कातड्याच्या निर्यातीचे आकडे दुष्काळाच्या सालांत एकाएकी फुगलेले दिसतात. तो व्यापाराचा उत्कर्ष नव्हता, तो गोठे रिकामे झाल्याचा हिशेब होता. ज्या दुष्काळाने शेतकऱ्याच्या दावणीचा बैल नेला त्याच दुष्काळाने बंदरावरच्या व्यापाऱ्याची गोदामे भरली, आणि त्या दोन टोकांच्या मध्ये, अल्प मोबदल्यात, तरवडाची साल कुटणारे हात होते. जंगलाच्या कायद्याने १८७८ नंतर राखीव रानातील साल ही सरकारी मालमत्ता झाली. जी वस्तू आजवर वहिवाटीने काढता येत असे तिचा आता मक्ता होऊ लागला. त्यामुळे पोटखराबातील आणि गायरानातील तरवडावरचा भार वाढला.

दक्षिणेत, मद्रास इलाख्यात, याच झुडपाला ‘आवारम’ म्हणतात आणि तिथे त्याच्या सालीवर एक मोठा कारखानदारी धंदा उभा राहिला. अर्धवट कमावलेली गाईबैलांची कातडी तिथून विलायतेला जात, आणि पहिल्या महायुद्धात इंग्रज शिपायांच्या बुटांच्या वरच्या भागासाठी या चामड्याची एवढी गरज पडली की सरकारने तो व्यापार आपल्या नियंत्रणाखाली घेतला. फ्लँडर्सच्या चिखलात ज्यांनी पाय रोवले त्यांच्या पायांत तरवडाची साल होती. युद्धानंतर मात्र दक्षिण आफ्रिकेतील नाताळहून वॅटल नावाच्या, मुळात ऑस्ट्रेलियातल्या, बाभळीची साल आणि तिचा अर्क स्वस्तात येऊ लागला आणि आवारमची मागणी ओसरली. खानदेशात त्या सुमारास पत्र्याच्या मोटा आल्या होत्या. मग तेलावरची इंजिने आली, नंतर विजेचे पंप. नाडा-सोंदूर अडगळीत गेले. गावातील चामड्याला गिऱ्हाईक उरले नाही, आणि ज्या मुलांचे बापजादे साल कुटत होते ती मुले शाळेत गेली, भुसावळच्या रेल्वेत लागली, मुंबईला गेली. ही गोष्ट इष्टच झाली. परंतु त्या कारागिरांबरोबर झाडाविषयीचे बारकावेही गेले: कोणत्या महिन्यात साल सहज सुटते, किती वर्षांची फांदी तोडावी, कोणत्या माळाची साल अधिक उतरते.

साल ढोरवाड्यात गेली. फूल मात्र देवीकडे गेले. देशावर आणि मराठवाड्यात घटस्थापनेपासून जी माळ घटावर चढवतात तिच्यात तरवडाच्या पिवळ्या फुलांना मान आहे, कारण आश्विनात तो ऐन बहरात असतो आणि बागेतले फूल ज्यांना परवडत नाही त्यांच्याही आवाक्यात असतो. शेजारच्या तेलंगणात याच फुलांचे थर रचून बतुकम्माचा उत्सव करतात आणि त्या राज्याने यालाच आपले राज्यपुष्प मानले आहे. वैद्यांनी आवर्तकी या नावाने त्याची दखल घेतली. प्रमेहावर फुलांचा काढा, डोळे आले असता बियांचे चूर्ण, आणि दात घासायला काडी, हे उपयोग लोकांत रुळले. मराठी मुलखात एकंदर व्यवस्था अशी झाली: साल चामड्याला, फूल देवाला आणि रोग्याला. रोजच्या पेयात मात्र त्याला जागा मिळाली नाही.

ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे, कारण समुद्रापलीकडे सिंहलद्वीपात नेमके उलटे घडले. तिथे या झुडपाला रणवरा म्हणतात. त्याची फुले आणि पाने वाळवून उकळत्या पाण्यात टाकतात आणि तो पिवळसर काढा, गुळाचा खडा तोंडात धरून, चहासारखा पितात. बेटाच्या दक्षिण टोकाला असलेल्या मातरा शहरावरून युरोपीय लोकांनी या झाडाला ‘मातराच्या चहाचे झाड’ असेच नाव देऊन टाकले, आणि जॉर्ज वॅट यांच्या हिंदुस्थानातील आर्थिक उत्पन्नांच्या कोशात, जो १८८९ पासून प्रसिद्ध होऊ लागला, या पेयाची नोंद आहे. एकच झुडूप, एकच तुरटपणा. पण तिथे ते स्वयंपाकघरात शिरले आणि इथे उंबऱ्याबाहेर राहिले. माझे मत असे आहे की याचे कारण झाडात नाही, आपल्या समाजरचनेत आहे. ज्या सालीचा वास गावाच्या कडेला असलेल्या कुंडांतून येत असे, जिच्याशी शिवाशिवीची सारी कल्पना निगडित झालेली होती, त्या झाडाचे पान चुलीवरच्या भांड्यात टाकण्याचे सुचले नसावे. फूल देवीच्या माळेत चालले, कारण फुलाला आपण विटाळ मानीत नाही. पानाला तेवढी सवलत मिळाली नाही.

दुसरे कारण बाहेरून आले. आसाम-दार्जिलिंगच्या मळेवाल्यांच्याच मागणीवरून १९०३ साली चहावर एक उपकर बसवण्याचा कायदा झाला आणि त्या पैशातून देशी लोकांना चहाची गोडी लावण्याची मोहीम निघाली. गिरण्यांत, रेल्वे स्टेशनांवर, बाजाराच्या गावी चहाचे पेले भरले गेले. या मोहिमेला रेल्वेइतका उपयोगी दुसरा मार्ग नव्हता, आणि खानदेश तर रेल्वेचाच जिल्हा. मोठ्या लायनीवरील जळगाव, भुसावळ, पाचोरा ही ठाणी तर होतीच. १९१८-१९ च्या सुमारास पाचोऱ्याहून वरखेडी, शेंदुर्णी, पहूर असे करत जामनेरपर्यंत जाणारी सुमारे छप्पन किलोमीटरची अरुंद मापाची गाडीही सुरू झाली. लोक तिला नुसते ‘पीजे’ म्हणत, आणि मार्च २०२० मध्ये ती थांबेपर्यंत शंभर वर्षे ती या भागाची जीवनवाहिनी होती. कापूस बाहेर नेणाऱ्या रुळांनीच बाहेरच्या वस्तू गावात आणल्या. त्यापूर्वी तावडी पट्ट्यातल्या घरांत सकाळी ताक, न्याहारीला भाकरी, आणि पडसे-खोकल्याला गवती चहा, तुळस, सुंठ यांचा काढा एवढेच होते. दोन-तीन पिढ्यांत दूध-साखरेच्या चहावाचून पाहुण्याचे आदरातिथ्य पुरे होईनासे झाले. मळ्यावरच्या चहाला वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस मुळीच पुरत नाही. त्याला डोंगरउतारावरची दमट हवा लागते. म्हणजे ज्या गावाने आपल्या पावसावर कधीच न उगवणारे पान रोजचे केले, त्या गावाच्या बांधावर आपल्याच पावसावर उगवणारे फूल गळून जात होते.

रानटी झुडपापासून चांगले पेय, आणि पेयापासून धंदा, कसा होतो याचे एक उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील सेडरबर्ग डोंगरात आहे. तिथले रूइबोस हेही शेंगवर्गीयच, कोरड्या रेताड जमिनीतले झुडूप. डोंगरातील खोइसान लोक ते पूर्वापार पीत. १९०४ च्या सुमारास बेंजामिन गिन्सबर्ग या व्यापाऱ्याने त्याचा व्यापार आरंभला, परंतु माल सारा रानातून तोडून आणलेला, आणि लागवड करावी तर बी रुजत नसे. क्लॅनविल्यम गावचे डॉक्टर ले फ्रास नॉर्टिए यांनी १९३० च्या आसपास हा प्रश्न हाती घेतला. बी इतके बारीक की शेंग फुटताच वाळूत हरवे. ते मुंग्यांच्या वारुळांतून गोळा करावे लागले. आणि बियांचे कवच इतके कठीण की ते घासून खरखरीत केल्यावाचून पाणी आत शिरत नसे. ही दोन कोडी सुटली तेव्हा त्या ओसाड खोऱ्याला एक पीक मिळाले. पुढे त्यावर कारखाने, निर्यात, सारे झाले. पण मूळ काम एका गावच्या डॉक्टरने बियांशी केलेली खटपट हेच होते.

तरवडाच्या बाबतीत ही खटपट त्या मानाने सोपी आहे. बी मोठे, शेंगेत सहज सापडणारे, हवे तेवढे. कवच कठीण आहे खरे; परंतु उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात ते रात्रभर ठेवले, किंवा वाळूबरोबर पोत्यात चोळले, म्हणजे उगवण चांगली होते. मृग बरसला की बांधाच्या कडेने, ओघळीच्या काठाने, हाताने टोकावे. रोपवाटिकेचा खर्च करण्याचे कारण नाही, कारण लांब सोटमूळ पिशवीत वळते आणि लावल्यावर झाड रुसते. पहिल्या वर्षी तण काढावे आणि दोन रोपांत कमरेएवढे अंतर राखावे. दुसऱ्या पावसाळ्यात फुले येतात. दरवर्षी किंवा वर्षाआड गुडघ्याएवढ्या उंचीवर छाटणी केली तर झुडूप दाट होते. छाटलेला पाला शेतात हिरवळीच्या खताला उत्तम, आणि काटक्या चुलीला. ना पाण्याची पाळी, ना राखण, ना फवारणी. मुळ्या ओघळीची माती धरून ठेवतात ते निराळेच. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर ठिकठिकाणी पाझर तलाव आणि बांधबंदिस्ती झाली; त्या बांधांवर पुढे काय लावावे हा प्रश्न बहुतेक ठिकाणी अनुत्तरित राहिला, आणि त्याचे एक उत्तर माळावर आपोआप उगवलेले होते.

फुले सकाळी, दव सुकल्यावर तोडावीत. पूर्ण उमललेली आणि त्या दिवशीचीच. सुपात किंवा कापडावर पातळ पसरून सावलीत वाळवावीत, कारण उन्हात रंग जातो. चांगली वाळली म्हणजे बोटांत चुरा होतो आणि मंद, गवतासारखा वास येतो. पेलाभर पाण्याला चिमूटभर फुले पुरतात. पाणी उकळून खाली उतरवावे, मग फुले टाकून झाकण ठेवावे. चहाप्रमाणे खळखळून उकळले तर तुरटपणा फार उतरतो. रंग सोनेरी येतो, चव हलकी तुरट, शेवटाला किंचित गोडसर. गूळ घालावा किंवा न घालावा, दूध मात्र घालू नये.

एक गोष्ट येथे स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण वनस्पतींच्या पेयांविषयी लिहिणारे पुष्कळ लोक ती सांगत नाहीत. १९८१ साली श्रीलंकेतील संशोधकांनी तिथल्या काही पारंपरिक औषधी वनस्पती तपासल्या, तेव्हा तरवडातही यकृताला अपाय करू शकणाऱ्या जातीची अल्कलॉइड द्रव्ये असल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या हा काढा पितात हे खरे. तरीही तो दिवसातून पाच-सात वेळा ढोसण्याचा पदार्थ नव्हे. गरोदर स्त्रीने, यकृताचा विकार असलेल्याने किंवा मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने वैद्य-डॉक्टरांना विचारल्यावाचून तो घेऊ नये. मधुमेहावर रामबाण म्हणून त्याची जी पाकिटे विकली जातात त्यांवर माझा विश्वास नाही. परंतु अधूनमधून घेण्याचे एक सौम्य, देशी, पाणी न मागणारे पेय, एवढा त्याचा हक्क कोणी नाकारू नये. आणि ज्याची खात्रीशीर रासायनिक तपासणी आपल्या कृषी विद्यापीठांत सहज होऊ शकते, त्या झाडाविषयी अर्धवट माहितीवर भरमसाट दावे करण्यापेक्षा ती तपासणी आधी व्हावी, असा आग्रह धरला पाहिजे.

आणि तपासणी अनुकूल निघाली तर हा माल कोणाचा, हा प्रश्नही त्याच वेळी सोडवावा लागेल. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानातील गौण उपज तिथल्या लोकांची झाली. पण पहूरच्या आसपासचा बहुतेक तरवड राखीव रानात नाही, तो गायरानात, सडकेच्या कडेला आणि खाजगी सर्व्हे नंबरांच्या पोटखराबात आहे. बांध ज्याचा त्याचे फूल, हे ठीक. गायरानातील फुलांचा मक्ता मात्र लिलावात जास्त बोली लावणाऱ्या व्यापाऱ्याला देऊ नये. ज्या घरांनी दोनशे वर्षे या झाडाची साल कुटून गावाच्या मोटा शिवल्या आणि मोबदल्यात गावाची कड तेवढी मिळवली, त्या घरांतील बायाबापड्यांना ग्रामसभेने ठराव करून तोडणीचा पहिला हक्क द्यावा, आणि तो ठराव पेठ आणि कसबे या दोन्ही पंचायतींच्या दप्तरात रीतसर नोंदला जावा.